भोपळा केव्हा सोडायचा?

१ ऑगस्ट १९८७ हा शनिवार होता. न्यूझीलंडमध्ये ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा. दक्षिण बेटावरच्या डुनेडिन शहरात संध्याकाळी सहाच्या आत काळोख पडतो. आदल्या दिवसापर्यंत या देशात पंधरा वर्षे पूर्ण झालेले कोणतेही पोर लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष चाचणी देऊन मोटारीचा पूर्ण परवाना खिशात घालू शकत होते, आणि त्याच रात्री चार मित्रांना गाडीत कोंबून लांबच्या पार्टीलाही जाऊ शकत होते. कायद्याची हरकत नव्हती. शनिवारपासून हे बंद झाले.

नव्या नियमाने परवान्याच्या तीन पायऱ्या केल्या. पहिली शिकाऊ परवान्याची. त्या काळात शेजारी अनुभवी चालक बसलेला हवाच. दुसरी मर्यादित परवान्याची. इथे एकट्याने गाडी चालवता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही, आणि सोबत जाणता चालक नसेल तर गाडीत दुसऱ्या कोणाला बसवायचे नाही. प्रौढांना रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालत असे. या मुलांची मर्यादा ३० वर आणली. हे सगळे निभावले की तिसरी पायरी, म्हणजे पूर्ण परवाना. पंधरा ते चोवीस वयाच्या प्रत्येक नव्या चालकाला हे तिन्ही टप्पे लागू झाले. अशी संपूर्ण व्यवस्था देशभर लावणारा न्यूझीलंड हा जगातला पहिला देश.

तारखेतही गंमत आहे. बरोबर दोन आठवड्यांनी, १५ ऑगस्टला, तिथे सार्वत्रिक निवडणूक होती. निवडणुकीच्या तोंडावर कोणतेही सरकार सहसा लोकांच्या किल्ल्या काढून घेत नाही. डेव्हिड लाँगे यांच्या मजूर पक्षाच्या सरकारच्या काळात हा नियम आला आणि ते सरकार पुन्हा निवडूनही आले. ज्यांच्या रात्री हिरावल्या गेल्या त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मत नव्हते. त्यांची वाट पाहत जाग्या राहणाऱ्या आईबापांना होते.

जागे राहायला कारणही होते. १९७३ मध्ये न्यूझीलंडच्या रस्त्यांवर ८४३ माणसे मेली होती. त्या देशाच्या इतिहासातला तो सर्वाधिक आकडा. १९८७ मध्ये ७९५ मेली. लोकसंख्या जेमतेम ३३ लाख. परवान्याचे किमान वय १५ हे १९२५ पासून चालत आलेले. मेंढपाळांचा आणि गवळ्यांचा देश, शेतावरची घरे एकमेकांपासून कोसभर लांब, शाळा त्याहून लांब. शेतकऱ्याच्या मुलाला गाडी चालवता येणे ही तिथे चैन नव्हती, घरकामाचा भाग होता. त्यामुळे वय वाढवण्याचा सरळ उपाय राजकारण्यांना जड जाई. मग वय तेच ठेवून, त्या वयाच्या हातात एकदम किती द्यायचे, एवढाच प्रश्न उरला.

या प्रश्नाचे उत्तर न्यूझीलंडला तयार मिळाले होते. ते सुचले होते दूर अमेरिकेत, आणि तिथे ते कोणी मनावर घेतले नव्हते.

शिकवण्यावरचा विश्वास

अमेरिकेने तोवर दुसऱ्या एका उत्तरावर अर्धे शतक घालवले होते. १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्टेट कॉलेज या गावी एमॉस नेहार्ट नावाच्या प्राध्यापकांनी तिथल्या माध्यमिक शाळेतल्या मुलांना मोटार चालवायला शिकवण्यास सुरुवात केली. गाडी त्यांची स्वतःचीच होती. शाळेतल्या वाहनशिक्षणाचा उगम सहसा तिथे सांगितला जातो. कल्पना इतकी समंजस होती की तिच्यावर शंका घेणेच अवघड. मुले अपघात करतात कारण त्यांना नीट शिकवलेले नसते. तेव्हा गणित, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला हाही एक विषय शिकवा. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हा विषय अमेरिकेतल्या हजारो शाळांत पोचला. शिक्षकांना पगार मिळाला, शाळांना अनुदान मिळाले, पालकांना समाधान मिळाले.

शंका घेणारे पुढे आले ते १९७० च्या दशकात. कनेटिकट राज्याने १९७६ मध्ये शाळांना या विषयासाठी मिळणारा सरकारी पैसा थांबवला आणि काही गावांनी तो विषयच बंद केला. लिऑन रॉबर्टसन या संशोधकाने त्या गावांचा माग घेतला, तेव्हा उलटेच चित्र दिसले. विषय बंद पडला तिथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे परवाने घटले आणि त्यांचे अपघातही घटले. शिकवणी नाही म्हणून पोरे अडाणीपणे रस्त्यावर उतरली, असे काही झाले नाही. बरीचशी पोरे एक-दोन वर्षे उशिरा उतरली.

त्याहून मोठा धक्का जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब परगण्याने दिला. १९७७ ते १९८१ या काळात तिथे केंद्र सरकारच्या रस्तासुरक्षा खात्याने एक प्रचंड प्रयोग केला. सुमारे १६,००० मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. एका गटाला सत्तरएक तासांचा, त्या वेळी उत्तमोत्तम समजला जाणारा अभ्यासक्रम: वर्ग, सिम्युलेटर, राखीव मैदानावरचा सराव आणि थोडा खरा रस्ता. दुसऱ्या गटाला जुजबी शिक्षण. तिसऱ्याला शाळेतून काहीच नाही. अपेक्षा अशी की पहिला गट कायमचा सुरक्षित ठरेल. पहिल्या काही महिन्यांत थोडा फरक दिसला आणि मग तो विरघळून गेला. पुढे ॲलन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली. शिकवलेल्या मुलांना परवाने लवकर मिळाले होते, आणि लवकर रस्त्यावर आल्यामुळे त्या गटाच्या वाट्याला एकूण अपघात जास्तच आले होते.

यात शिक्षकांचा दोष नव्हता. क्लच कधी दाबायचा, आरसा कधी पाहायचा, पाटी कशी वाचायची हे वर्गात सांगता येते. समोरच्या वळणामागे काय असेल याचा अंदाज वर्गात येत नाही. मागच्या बाकावरचा मित्र ओरडत असताना नजर रस्त्यावर कशी ठेवायची, पावसात ब्रेक किती आधी लावायचा, हे हजारो किलोमीटर चालवून हाडात मुरते. अडचण अशी की ती हजारो किलोमीटर चालवण्यातच माणूस मरतो.

चॅपल हिलची मानसशास्त्रज्ञ

ही अडचण ज्यांनी सर्वात स्पष्ट ओळखली त्या पॅट्रिशिया वॉलर. मूळ कॅनडातल्या, शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. उत्तर कॅरोलायना राज्याने विद्यापीठाच्या चॅपल हिल गावी महामार्ग सुरक्षेचे एक संशोधन केंद्र काढले होते, तिथे त्या काम करत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पायरीपायरीच्या परवान्याची कल्पना मांडली. गुंतागुंतीचे कोणतेही कौशल्य माणूस सोप्याकडून अवघडाकडे जात शिकतो. मग गाडी चालवण्याचा परवाना एका दिवशी, एकदम आणि संपूर्ण का द्यायचा? आधी दिवसा, मोठ्या माणसाच्या सोबतीने; मग दिवसा एकट्याने; रात्र, गर्दी आणि मित्रमंडळ त्यानंतर.

ज्यांचे बालपण विहिरीच्या काठी गेले त्यांना हे कोडे नवे वाटणार नाही. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरायला हवे, आणि पाण्यात उतरणे हाच तर धोका. गावाकडे त्यावर तोडगा होता: पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, काठावर दोराचे टोक धरून बसलेला काका आणि पहिले काही दिवस पायऱ्यांजवळचेच पाणी. भोपळा पोहायला शिकवत नाही. चुकलेल्याला वर ठेवतो, एवढेच. शिकायचे ते पोर आपले आपण शिकते. मग एक दिवस भोपळा सुटतो, नंतर दोर सुटतो, आणि काठावरून सूर मारण्याची परवानगी सगळ्यात शेवटी मिळते. कोणत्या दिवशी काय सोडायचे हे काकाला कळते. वॉलर यांचे म्हणणे इतकेच होते की हा काका कायद्यात बसवा.

अमेरिकेतली राज्ये काही ऐकेनात. केंद्रीय खात्याने १९७० च्या दशकात या धर्तीवर एक नमुना योजना आखली. मेरीलँडने १९७९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९८३ मध्ये तिचे काही तुकडे उचलले. अपघात सुमारे ५ टक्क्यांनी उतरले. पण बाकी राज्यांत शाळेतला अभ्यासक्रम आणि सोळाव्या वाढदिवसाचा परवाना हे समीकरण पक्के बसलेले होते. सोळावा वाढदिवस, मोटारीची किल्ली आणि शनिवारची रात्र ही त्या देशाची मुंजच. तिच्यात हात घालायला आमदार धजावत नव्हते. उत्तर कॅरोलायनात मांडलेली कल्पना उत्तर कॅरोलायनाच्याच विधिमंडळात पडून राहिली, आणि पॅसिफिक महासागर ओलांडून न्यूझीलंडला गेली.

डुनेडिनची मुले

न्यूझीलंडच्या नियमाचे नशीब असे की त्याला साक्षीदार आयते मिळाले. डुनेडिन शहरात १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या वर्षात जन्मलेल्या १,०३७ मुलांचा एक अभ्यास त्यांच्या बालपणापासून चालू होता. ठरावीक वर्षांनी त्यांना बोलवायचे आणि दातांपासून स्वभावापर्यंत सगळे नोंदवायचे. ही मुले पंधरा वर्षांची झाली १९८७-८८ मध्ये. म्हणजे त्यांच्यातल्या थोड्यांना जुना परवाना मिळाला आणि बाकीच्यांना नवा. ओटागो विद्यापीठातल्या डोरोथी बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांना पंधराव्या आणि पुन्हा अठराव्या वर्षी नियमांबद्दल विचारले.

मुलांनी आडपडदा ठेवला नाही. अनेकांनी नियम मोडल्याचे कबूल केले. सर्वात जास्त मोडला जाई तो सोबत्यांचा नियम. ते साहजिकही होते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला गाडी कशासाठी हवी असते? मित्रांना बसवण्यासाठीच. त्यात त्या काळचा परवाना म्हणजे फोटो नसलेला कागद. पोलिसाने अडवले तर समोरचा पोरगा कोण आणि कोणत्या पायरीवरचा, हे रस्त्यावर कळणे अवघड. फोटोचा परवाना आणि तो जवळ बाळगण्याची सक्ती न्यूझीलंडमध्ये १९९९ मध्ये आली. त्याच वेळी पायऱ्यांचा नियम वयाची अट काढून सर्व नव्या चालकांना लावला गेला.

नियम मोडला जातो म्हटल्यावर त्याचा उपयोग काय, असे विरोधक विचारत. ओटागोच्याच जॉन लँग्ली आणि डोरोथी बेग यांनी अमेरिकेच्या ॲलेक्झांडर वॅगनार यांच्यासोबत रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापला. नियम आल्यानंतर पंधरा ते एकोणीस वयोगटात मोटार अपघातांच्या जखमा २३ टक्क्यांनी घटल्या होत्या आणि ती घट टिकून राहिली होती. इतर वयांतही थोडी घट होती, पण एवढी नव्हती. अर्धवट पाळलेल्या नियमानेही काम केले होते. रात्री अकराला निघणारे पोर कधी कधी तरी दहाला घरी परतत होते. एखादी फेरी रद्द होत होती. काही मुले परवानाच उशिरा काढत होती. जे पोर रस्त्यावर नाही त्याचा अपघातही होत नाही, हा मूळ हिशेब.

कल्पना माहेरी येते

१९९४ मध्ये कॅनडाने पाऊल टाकले. ओंटारिओ प्रांताने १ एप्रिलला आणि नोव्हा स्कॉशियाने १ ऑक्टोबरला पायऱ्या आणल्या. ओंटारिओने वय पाहिलेच नाही. नवशिका सोळाचा असो वा पन्नाशीचा, पायऱ्या सगळ्यांना. टोरंटो-मिसिसागाच्या मराठी घरांत 'जी-वन' आणि 'जी-टू' हे शब्द आज मीठमिरचीइतके घरगुती आहेत, ते याच पायऱ्यांमुळे. 'जी-वन'वाल्याने दारूचा थेंबही घ्यायचा नाही, मध्यरात्र ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही, चारशे क्रमांकाच्या जलद महामार्गांवर जायचे नाही, आणि शेजारी किमान चार वर्षे परवाना असलेला चालक हवा. प्रांताच्याच पाहणीत नवशिक्यांच्या टकरींचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

नोव्हा स्कॉशियातल्या नवख्यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट आकड्यांत उतरली. एकट्याने गाडी चालवू लागल्यानंतरच्या पहिल्या सातएक महिन्यांत टकरींचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी खाली येते, आणि त्यानंतरची घट संथ असते. सोबत मोठे माणूस बसलेले असते तोवर शिकाऊ चालक रस्त्यावरच्या सर्वात सुरक्षित चालकांपैकी एक असतो. ते माणूस उतरले की दुसऱ्याच दिवशी आकडा उडी मारतो. काय सांभाळायचे ते यातून नेमके कळले: काका काठावरून उठून गेल्यानंतरचे पहिले सहा-सात महिने.

मग अमेरिका जागी झाली. १ जुलै १९९६ ला फ्लोरिडाने सुरुवात केली. १ एप्रिल १९९७ ला मिशिगन. पॅट्रिशिया वॉलर तेव्हा तिथल्या विद्यापीठातल्या वाहतूक संशोधन संस्थेच्या संचालक होत्या. आणि १ डिसेंबर १९९७ ला उत्तर कॅरोलायना, म्हणजे जिथे ही कल्पना जन्मली तेच राज्य. पंचवीस वर्षांनी ती माहेरी आली होती. पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना, पूर्ण एक वर्ष मोठ्यांच्या सोबतीने सराव, आणि मग सोळाव्या वर्षापासून सहा महिने रात्री नऊनंतर एकट्याने चालवायला बंदी. इतर राज्यांची बंदी अकराला किंवा मध्यरात्री सुरू होई. इथे नऊ वाजता. नऊ वाजता सिनेमासुद्धा सुटत नाही, अशी कुरकुर झाली असणारच. पण किशोरांच्या रात्रीच्या अपघातांतला मोठा वाटा मध्यरात्रीच्या आधीच घडतो. बारानंतर तशीही थोडीच मुले बाहेर असतात.

ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात, एकापाठोपाठ एक, मिशिगन आणि उत्तर कॅरोलायना यांचे हिशेब छापून आले. मिशिगनमध्ये १९९६ च्या तुलनेत १९९९ मध्ये सोळा वर्षांच्या मुलांचा अपघाताचा धोका २५ टक्क्यांनी कमी झाला होता. त्या लेखाच्या लेखकांत वॉलर यांचेही नाव होते. उत्तर कॅरोलायनात रॉब फॉस यांच्या चमूला सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात ५७ टक्क्यांनी, रात्रीचे अपघात ४३ टक्क्यांनी आणि दिवसाचे २० टक्क्यांनी घटलेले आढळले. दिवसाची घट रात्रबंदीमुळे नव्हे, ती वर्षभराच्या सरावाची. दोन वर्षांनी, २००३ मध्ये, वॉलर वारल्या. आपली कल्पना खरी ठरलेली त्यांनी पाहिली होती.

सोबत्यांच्या नियमाला पक्का आधार मिळाला तो २००० मध्ये. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की सोळा-सतरा वर्षांच्या चालकाच्या गाडीत प्रवाशांची संख्या जसजशी वाढते तसतसा त्याच्या मृत्यूचा धोकाही चढत जातो. मोठ्या वयाच्या चालकाच्या बाबतीत असे होत नाही. आजी शेजारी बसली की आजोबा हळू चालवतात. मित्र शेजारी बसला की नातू वेगात चालवतो. उत्तर कॅरोलायनाने २००२ च्या अखेरीस सोबत्यांवरही मर्यादा घातली.

निसटण्याच्या वाटा

या गोष्टीत सगळे सरळ चालले असे नाही. शिकवण्यावरचा जुना विश्वास मागच्या दाराने परत आला. न्यूझीलंडने, ओंटारिओने, नोव्हा स्कॉशियाने, सगळ्यांनी एक सवलत ठेवली होती: मान्यताप्राप्त शिक्षणक्रम केला की पायरीवरचे काही महिने माफ. ओंटारिओत बाराचे आठ, नोव्हा स्कॉशियात सहाचे तीन. वाहनशाळांचे पोट त्यावर भरत होते आणि पालकांनाही पैसे देऊन काही मिळाल्यासारखे वाटे. नोव्हा स्कॉशियात तपासले तेव्हा सवलत घेऊन लवकर सुटलेल्यांचे अपघात जास्त निघाले. डीकाल्बचा धडा पुन्हा तसाच्या तसा.

शिक्षणापेक्षा सरावाला महत्त्व देणारा देश स्वीडन. तिथे परवाना अठरालाच मिळे, पण सप्टेंबर १९९३ पासून मोठ्यांच्या सोबतीने सराव करण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले गेले. ज्यांनी याचा लाभ घेतला त्यांचा सराव सरासरी ११८ तासांवर गेला आणि परवाना मिळाल्यानंतर त्यांचा अपघाताचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी २००७ मध्ये तरुण शिकाऊंसाठी १२० तासांचा सराव आणि त्याची वही सक्तीची केली. आईबापांचे कित्येक रविवार त्या वहीत जमा झाले.

दुसरी अडचण २०११ मध्ये उघड झाली. स्कॉट मास्टेन, रॉब फॉस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९८६ ते २००७ या काळाचे आकडे मांडले. कडक पायऱ्या असलेल्या राज्यांत सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात २६ टक्क्यांनी कमी होते, पण अठरा वर्षांच्या चालकांचे १२ टक्क्यांनी जास्त. बहुतेक राज्यांत पायऱ्या फक्त अठरापर्यंत होत्या. काही मुले थांबत, अठरा पूर्ण झाले की एकदम पूर्ण परवाना घेत आणि कोरीच्या कोरी रस्त्यावर येत. भोपळा चुकवायचा म्हणून वर्षभर विहिरीकडे फिरकायचेच नाही आणि मग थेट सूर मारायचा, असा हा प्रकार. न्यू जर्सीसारख्या राज्याने अठरा ओलांडलेल्या नवख्यांनाही पायऱ्या चुकू दिल्या नव्हत्या. ओंटारिओने वय न पाहण्यातले शहाणपण इथे कळले.

न्यूझीलंडनेही उरलेले काम त्याच वर्षी केले. वाहतूकमंत्री स्टीव्हन जॉयस यांच्या काळात १ ऑगस्ट २०११ ला, म्हणजे पायऱ्या आल्याला बरोबर चोवीस वर्षे झाली त्या दिवशी, किमान वय पंधरावरून सोळा झाले. १९२५ चा आकडा शहाऐंशी वर्षांनी हलला. सहा दिवसांनी वीस वर्षांखालच्या चालकांची दारूची मर्यादा शून्य झाली, आणि पुढच्या वर्षी मर्यादित परवान्याची चाचणी अवघड केली गेली. १९८७ मध्ये जे राजकारण्यांना जड गेले असते ते २०११ मध्ये सोपे झाले, कारण मधल्या काळात दोन पिढ्या पायऱ्या चढून मोठ्या झाल्या होत्या आणि आता त्याच मतदार होत्या.

आपली विहीर

आपल्याकडचा मोटार वाहन कायदा १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू. कच्चे लायसन सहा महिन्यांचे. त्या काळात शेजारी परवानाधारक शिकवणारा आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. तीस दिवस झाले की पक्क्या लायसनसाठी चाचणी देता येते. वय अठरा. आरटीओच्या मैदानावर चाचणी निघाली की कार्ड मिळते, आणि ज्या दिवशी मिळते त्या रात्री चार मित्रांना घेऊन खंडाळ्याचा घाट उतरायला कायद्याची ना नसते. १९८७ च्या जुलैपर्यंत न्यूझीलंडमध्ये जे होते तेच, फक्त तीन वर्षे उशिरा. कच्चे आणि पक्के यांच्यामध्ये पाडाला आलेले असे लायसन आपल्याकडे नाही.

एका बाबतीत आपण पुढे होतो. रक्तातल्या दारूची आपली मर्यादा सर्वांसाठी ३० मिलिग्रॅम आहे. न्यूझीलंडने ती १९८७ मध्ये फक्त पोरांसाठी धरली होती. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद केली. हा अठराच्या आधी गाडी चालवण्याचा बंदोबस्त झाला. अठरा पूर्ण झाल्यानंतरचे पहिले सहा-सात महिने तसेच मोकळे राहिले.

पायऱ्यांचे तत्त्व आपल्याला परके आहे असेही नाही. याच कायद्याचे सातवे कलम सांगते की हलके वाहन चालवण्याचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय प्रवासी किंवा मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळणार नाही. म्हणजे मालट्रकच्या चालकाच्या पाठीला कायद्याने भोपळा बांधला आहे. अठरा वर्षांच्या मुलाच्या पाठीला तो नाही.

कायदा बदलायचा तेव्हा बदलेल. उत्तर कॅरोलायनालाही पंचवीस वर्षे लागली. पण डुनेडिनच्या मुलांनी दाखवले की अर्धवट पाळलेला नियमही जीव वाचवतो, आणि त्यातले बहुतेक नियम लावायला विधानसभा लागत नाही. पक्के लायसन मिळाल्यावर पहिले सहा महिने रात्री दहानंतर गाडी नाही, गाडीत मित्र नाहीत, दारूचा थेंब नाही, आणि त्याआधी शंभरएक तास बाबा नाहीतर आई शेजारच्या सीटवर. पोर कुरकुर करील, एखादा नियम मोडीलही. तरी सांगून ठेवा. गाडीची किल्ली अजून बहुतेक घरांत आईबापांच्याच खुंटीला टांगलेली असते.